माणशी वीस रुपये : एका आकड्याच्या शोधाची शंभर वर्षे

१/
१८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे एक निबंध वाचला गेला. विषय होता हिंदुस्थानचे दारिद्र्य आणि लेखक होते दादाभाई नौरोजी. त्या निबंधाच्या केंद्रस्थानी एकच आकडा होता : ब्रिटिश हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये. आज हा आकडा पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतो. तो मिळवण्यासाठी काय करावे लागले, याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

२/
संशोधन करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न कधीतरी गाठतो. विषय ठरला, मांडणी ठरली. आता आकडेवारी कुठून आणायची? दादाभाईंपुढचा प्रश्न याहून बिकट होता. देशातील सगळी आकडेवारी सरकारच्या ताब्यात होती आणि त्यांना सिद्ध करायचे होते ते सरकारला नको असलेले सत्य.

३/
तो काळ नीट डोळ्यांसमोर आणला पाहिजे. १८६७-६८ साली देशाची जनगणना झालेली नव्हती. पहिली गणना १८७२ ची म्हणून ओळखली जाते आणि तीही सर्वत्र एकाच वेळी झाली नाही. एकाच वेळी घेतलेली पहिली गणना १८८१ ची. ‘राष्ट्रीय उत्पन्न’ मोजणारे खाते जगात कुठेही नव्हते. हिंदुस्थानात पीक किती येते, हे एका जागी लिहिलेलेच नव्हते.

४/
दादाभाई मूळचे गणिताचे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवणारे ते पहिले भारतीय प्राध्यापक होते. १८५५ मध्ये ते व्यापाराच्या निमित्ताने इंग्लंडला गेले, पण आकड्यांची शिस्त त्यांच्यासोबतच गेली. ‘देश गरीब आहे’ असे सभेत सांगून टाळ्या मिळतात, पण पार्लमेंट हलत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. पार्लमेंटला पार्लमेंटच्याच कागदांतून उत्तर द्यायला हवे होते.

५/
ते कागद होते. ब्रिटिश पार्लमेंटला सादर होणारे अहवाल निळ्या वेष्टनात छापले जात, म्हणून त्यांना ‘ब्लू बुक’ म्हणत. हिंदुस्थानच्या ‘नैतिक आणि भौतिक प्रगती’चे निवेदन दर वर्षी पार्लमेंटपुढे येई. शिवाय प्रत्येक प्रांताचा स्वतंत्र प्रशासकीय अहवाल असे. त्यात लागवडीखालचे क्षेत्र, पिकांचे उत्पादन, बाजारभाव आणि तुरुंगांचा खर्च असा मजकूर विखुरलेला असे.

६/
दादाभाईंनी हे अहवाल प्रांतवार उघडले. प्रत्येक प्रांतात सर्वांत मोठ्या क्षेत्रावर घेतली जाणारी एक-दोन पिके निवडली. क्षेत्र, एकरी उत्पादन आणि भाव यांचा गुणाकार केला. बियाण्यासाठी शेकडा सहा वजा केले. मग मीठ, अफू, कोळसा, व्यापार, कारागिरी, दूध-मांस-मासळी यांची भर घातली. राहून गेलेल्या गोष्टींसाठी आणखी मोठी रक्कम सढळ हाताने मिळवली.

७/
बेरीज आली सुमारे ३४ कोटी पौंड. लोकसंख्या धरली १७ कोटी. माणशी २ पौंड, आणि त्या वेळच्या हिशेबाने एक पौंड म्हणजे १० रुपये. म्हणून २० रुपये. यात श्रीमंतापासून भूमिहीन मजुरापर्यंत सगळे एका रांगेत उभे होते. त्यामुळे मजुराच्या पदरात प्रत्यक्षात २० रुपयेही पडत नव्हते.

८/
या कामात दादाभाईंना एक ठळक चूक सापडली. प्रांताची ‘सरासरी’ काढताना अधिकारी प्रत्येक जिल्ह्याचे एकरी उत्पादन किंवा भाव घेत, त्यांची बेरीज करत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कोणत्या जिल्ह्यात क्षेत्र किती, याचा विचारच नसे. छापील अहवालात अशा सरासऱ्या सरकारी शिक्क्यानिशी उभ्या होत्या.

९/
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जिल्ह्यात १,००० एकरांवर एकरी १० मण पीक येते आणि दुसऱ्या जिल्ह्यात १ लाख एकरांवर एकरी ४ मण. अधिकाऱ्यांची सरासरी : १० अधिक ४, भागिले २, म्हणजे ७ मण. खरी सरासरी मात्र ४ मणांहून किंचित जास्त. कागदावर प्रांत जवळजवळ पावणेदोनपट सुपीक होतो आणि शेतात धान्याचा एक दाणाही वाढत नाही.

१०/
आता २० रुपये हा आकडा मोठा की छोटा? तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नसतो. दादाभाईंनी तुलनेचे माप पुन्हा सरकारच्याच दप्तरातून काढले. परदेशी मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना जहाजावर द्यायचा शिधा कलकत्त्याच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवून दिलेला होता. त्या शिध्याची त्यांनी किंमत काढली.

११/
दुसरे माप अधिक झोंबणारे होते. तुरुंगातील कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यांवर माणशी किती खर्च होतो, हे प्रांतोप्रांतीचे अहवाल सांगत होते. तो खर्च दादाभाईंनी उत्पन्नाच्या आकड्याशेजारी मांडला. निष्कर्ष असा निघाला, की सरकार गुन्हेगाराला जेवढे खाऊ-पिऊ घालते, तेवढेही गुन्हा न केलेल्या रयतेच्या वाट्याला चांगल्या हंगामातसुद्धा जेमतेमच येते.

१२/
ही टिपणे १८७३ मध्येच त्यांनी पार्लमेंटच्या निवड समितीपुढे ठेवली होती. समितीने ती घेतली, पण अहवालासोबत छापली नाहीत. अध्यक्षांच्या मतांशी ती जुळत नव्हती, असे दादाभाईंनी पुढे नोंदवून ठेवले. पुरावा नाकारण्यासाठी तो खोटा ठरवावा लागतोच असे नाही. छापला नाही तरी पुरते.

१३/
मग वाद सुरू झाला. पंजाब प्रांत घेऊन दादाभाईंनी पिकागणिक हिशेब मांडला आणि इंडिया ऑफिसला पाठवला. तिथल्या डॅनव्हर्स या अधिकाऱ्याने टिपण लिहून आक्षेप घेतले, दादाभाईंनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले. रेल्वेने माल एका जागेहून दुसऱ्या जागी गेला म्हणून देशाची संपत्ती वाढत नाही, हा त्या उत्तरातला एक मुद्दा होता.

१४/
१८८२ मध्ये सरकारने स्वतःचा आकडा पुढे आणला. अर्थसदस्य एव्हलिन बेअरिंग आणि डेव्हिड बार्बर यांच्या अंदाजाने माणशी उत्पन्न २७ रुपये होते. या हिशेबाचा तपशील दादाभाईंनी मागितला. तो त्यांना मिळाला नाही. पुढे १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितले. त्याच सुमारास विल्यम डिग्बीने तो १८ रुपयांच्या आसपास काढला.

१५/
यातला कोणता आकडा खरा, यापेक्षा एक वेगळा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. दादाभाईंनी २० रुपये कसे आले हे पायरीपायरीने छापले होते. कुणालाही ते तपासून चूक दाखवता येत होती. सरकारने केवळ उत्तर सांगितले, रीत सांगितली नाही. आकडेवारीच्या जगात विश्वास उत्तरावर ठेवायचा नसतो, रीतीवर ठेवायचा असतो.

१६/
तरीही दादाभाईंच्या रीतीला एक मर्यादा होती आणि ती त्यांच्या हातची नव्हती. सरकारने जे मोजले नाही, ते त्यांना दिसणे शक्य नव्हते. घराघरातले कर्ज, जमिनीचे तुकडे, पोटासाठी गाव सोडून केलेली मजुरी यांतले काहीच ब्लू बुकात नव्हते. त्यासाठी कुणीतरी गावात जाऊन दारोदार विचारणे भाग होते.

१७/
ते काम पुण्यात सुरू झाले. हॅरॉल्ड मॅन हा इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आदी सहकाऱ्यांना घेऊन त्याने पुण्याजवळचे एक खेडे अभ्यासाला निवडले : पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आणि आयटीतल्या नोकरदारांच्या सोसायट्या आहेत. तेव्हा ते कोरडवाहू शेतीचे गाव होते.

१८/
१९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रमालेतील पहिला ग्रंथ म्हणून हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाव ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. एका भारतीय विद्यापीठाने आपली माला एका खेड्याच्या जमीन-मजुरीच्या हिशेबाने सुरू करावी, ही घटनाच बोलकी आहे.

१९/
मॅनने जुने महसुली कागद आणि नवी पाहणी एकमेकांशेजारी ठेवली. पेशवाईच्या काळात, १७७१ मध्ये, गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले, १८२० ते १८४० या काळात १४ एकरांवर आणि १९१४-१५ मध्ये अवघ्या ७ एकरांवर. दीडशे वर्षांचा इतिहास चार आकड्यांत मावला.

२०/
ते सात एकरही सलग नव्हते. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती. त्यातले ४६३ तुकडे एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. वाटणी होताना प्रत्येक भावाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीत हिस्सा हवा असे. न्याय साधला जाई, पण नांगर वळवायला जागा उरत नसे.

२१/
मग आला कुटुंबांचा ताळेबंद. १०३ कुटुंबांपैकी निव्वळ शेतीवर सुखाने तगणारी होती ८. बाहेरच्या मजुरीच्या आधाराने भागवणारी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांची मिळकत, बाहेरची मजुरी धरूनही, गरजेपुरती नव्हती. म्हणजे शेकडा ६५ घरे तुटीत. पुढे कानिटकरांसोबत मॅनने जातेगाव बुद्रुकची पाहणी केली; पुणे-खडकीच्या मजुरीपासून दूर असलेल्या त्या गावात हे प्रमाण शेकडा ८५ निघाले. तो ग्रंथ १९२१ चा.

२२/
असे आकडे कोणत्याही दप्तरात मिळत नाहीत. सावकाराचे देणे किती, हे माणूस शेजाऱ्यालाही सांगत नाही. वहीपेन्सिल घेऊन आलेला परका माणूस म्हणजे सारा वाढवायला आलेला कारकून, असेच गावाला वाटणार. त्याने विश्वास मिळवल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही. पाहणीचा सर्वांत महाग भाग हा असतो आणि तक्त्यात त्याला रकाना नसतो.

२३/
मॅनच्या रीतीलाही मर्यादा होती. पिंपळे सौदागर पिंपळे सौदागरबद्दलच सांगू शकत होते. दोन गावांवरून लाखो गावांबद्दल बोलता येत नाही. मॅनने हे पहिले गाव निवडले होते ते सोयीने, चिठ्ठी टाकून नव्हे. खोली होती, विस्तार नव्हता. दादाभाईंकडे विस्तार होता, खोली नव्हती.

२४/
१९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. या संस्थेने पाहणीला शिस्त आणि सातत्य दिले. वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी १९४० मध्ये छापली गेली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. पुढे त्याच शहराची फेरपाहणीही झाली.

२५/
इकडे सरकारी पीक-आकडेवारीची स्थिती काय होती? तिचा पाया होता आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. महसुली कर्मचारी शिवारावर नजर टाकून यंदाचे पीक दहा आणे की सहा आणे, ते सांगे. सारामाफी त्यावर ठरे, म्हणून प्रत्येक आण्यामागे कुणाचे तरी हित उभे असे. देशाच्या धान्याचा हिशेब अशा नजरेच्या अंदाजावर चालत होता.

२६/
१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने धान्याच्या अशा अंदाजी हिशेबाची किंमत दाखवली. त्याच दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी पीककापणीची शास्त्रीय पद्धत रुजवली. गावे आणि शेते चिठ्ठीने निवडायची, त्यात ठराविक मापाचा तुकडा आखायचा, पीक कापून, मळून, तोलून मगच आकडा लिहायचा.

२७/
तिकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालच्या ताग-क्षेत्राच्या नमुना पाहण्या करत होते. तुकडा किती मोठा आखावा यावरून त्यांचा आणि सुखात्म्यांचा वाद झाला. तुकडा फार लहान असेल तर सीमेवरची झाडे आत ओढली जातात आणि उत्पादन फुगते, असे सुखात्म्यांनी दाखवून दिले. दोन हात दोरीचा प्रश्न, पण देशभर गुणला की लाखो मणांचा.

२८/
स्वातंत्र्यानंतर दोन्ही धारा एकत्र आल्या. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष महालनोबिस होते. गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. दादाभाईंनी एकट्याने केलेला हिशेब आता देशाची समिती करू लागली. पण लोक खातात काय, खर्च कशावर करतात, याची माहितीच नव्हती. म्हणून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

२९/
पहिल्या फेरीसाठी देशभरातून १,८३३ खेडी निवडली गेली. क्षेत्रकामाचा एक वाटा पुण्याच्या गोखले संस्थेने उचलला. गावोगावची मापे वेगळी. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नाही. शेर, मण, टोपली, पेंढी यांचे वजनात रूपांतर केल्याशिवाय बेरीज करता येत नव्हती. मॅनची खोली आणि दादाभाईंचा विस्तार नमुना निवडीच्या गणिताने प्रथमच एकत्र जोडला जात होता.

३०/
या पाहणीचे मोठे फळ १९७१ च्या जानेवारीत दिसले. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा दीर्घ अभ्यास मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. नमुना पाहणीतील खर्चाच्या आकड्यांवरून त्यांनी विचारले : दिवसाला २,२५० कॅलरी देणारा आहार घ्यायला किती खर्च करावा लागतो आणि तेवढा खर्च किती लोकांना झेपत नाही?

३१/
१९६०-६१ च्या भावांनी उत्तर आले ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७० रुपये. ग्रामीण लोकसंख्येतील सुमारे ४० टक्के आणि शहरातील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते. कैद्याच्या शिध्याशी तुलना करणारे दादाभाई आणि कॅलरीची रेषा ओढणारे दांडेकर-रथ एकच प्रश्न विचारत होते, जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने.

३२/
दांडेकर-रथ मोजून थांबले नाहीत. सार्वजनिक कामांतून रोजगाराची हमी द्यावी, असे त्यांनी सुचवले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईला कॅलरीची रेषा ठाऊक नव्हती. पण तिच्यासारखे किती आहेत, हे आता मुंबई-दिल्लीला ठाऊक नाही असे म्हणता येत नव्हते.

३३/
आणि मग पुन्हा वाद. निवृत्तीनंतर पुण्यात परतलेल्या सुखात्म्यांनीच त्या रेषेला आव्हान दिले. माणसाची ऊर्जेची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. सरासरी गरजेलाच किमान गरज मानले तर निरोगी माणसेही उपाशी गणली जातात, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांना ते मान्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघे विद्वान एकाच साप्ताहिकात भिडले.

३४/
दोघेही एकाच शहरातले, दोघेही संख्याशास्त्रातले मातब्बर, दोघांच्या हाती जवळजवळ तेच आकडे. तरी निष्कर्ष वेगळे. कारण ‘उपाशी कुणाला म्हणायचे’ हे आकडा सांगत नाही. ते आधी माणसाला ठरवावे लागते. आणि ठरवले की ते उघड लिहावे लागते. दांडेकर आणि सुखात्मे दोघांनीही ते लिहिले, म्हणूनच वाद पुढे नेता आला.

३५/
आज संशोधनाला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाताशी दादाभाईंनी स्वप्नातही पाहिले नसेल एवढे साहित्य आहे. जनगणनेचे तक्ते, नमुना पाहणीची घरागणिक माहिती, जिल्हा गॅझेटियर, जमाबंदीचे जुने अहवाल. गोखले संस्थेच्या ग्रंथालयाने तर अनेक दुर्मीळ सरकारी अहवाल डिजिटल रूपात खुले केले आहेत. ज्या प्रकारचे प्रांतिक अहवाल दादाभाईंनी चाळले, ते आता फोनवर उघडतात.

३६/
पण जुने प्रश्न तेच आहेत. हा आकडा कुणी मोजला? कशासाठी मोजला : कर घ्यायला, मदत द्यायला की कौतुक मिरवायला? भाजक कोणता धरला? सरासरी काढताना लहान-मोठ्या जिल्ह्यांना एकच वजन दिले का? घरातल्या कुणाला विचारले आणि कुणाला विचारलेच नाही? पायलीचे किलो कसे केले? हे प्रश्न न विचारता उचललेला तक्ता ही केवळ नक्कल असते.

३७/
आणि एक प्रश्न सर्वांत जुना आहे. आकडा मोजूनही दाखवलाच नाही तर? २०१७-१८ मध्ये झालेल्या उपभोग-खर्च पाहणीचा अहवाल, माहितीच्या दर्जाचे कारण देऊन, २०१९ मध्ये रोखला गेला. त्यानंतरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. या काळात दारिद्र्यावर लिहिणाऱ्यांना जुन्या आकड्यांवरूनच अंदाज बांधावे लागले.

३८/
दादाभाई १८९२ मध्ये पार्लमेंटचे सभासद झाले आणि तिथेही त्यांनी आकड्यांचाच आग्रह धरला. १९०१ मध्ये, वयाच्या शहात्तरीत, त्यांनी आपले निबंध, पत्रव्यवहार आणि तक्ते एका जाड ग्रंथात एकत्र छापले. १८७३ च्या समितीने जे अहवालासोबत छापले नव्हते, त्या प्रश्नावरचे त्यांचे सगळे काम त्यामुळे वाचकांच्या हाती आले. २० रुपयांचा आकडा आज कुणी अर्धा रुपया वर सरकवील, कुणी खाली. तो कसा आला हे मात्र प्रत्येकाला अजूनही पाहता येते.